न निघालेला काटा



ख्रिस्ती श्रद्धेच्या बळावर माणूस आपल्या उणिवांवर कशी मात करतो, यावर बोलावे असा संयोजकांचा आग्रह होता. अशा विषयाला उभे राहिले की आंधळ्याला दिसू लागले, पांगळा चालू लागला, या वाटेने जायचा मोह होतो. त्या कथा शुभवर्तमानांत आहेत आणि मला प्रियही आहेत. पण त्याच नव्या करारात पौलाने करिंथकरांस लिहिलेले दुसरे पत्र आहे. त्याच्या बाराव्या अध्यायात पौल स्वतःच्या देहातल्या एका काट्याबद्दल लिहितो. काटा कसला, ते त्याने सांगितलेले नाही. डोळ्यांचे दुखणे म्हणा, फेफरे म्हणा, विद्वानांचे तर्क अजून थांबलेले नाहीत. तो निघावा म्हणून त्याने प्रभूची तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. कृपा तेवढी पुरेल, असे उत्तर आले.

काटा न निघालेली आपल्याकडची एक बाई आज मी निवडली आहे, पंडिता रमाबाई. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी, दुष्काळात आईबाप गमावलेली, कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले ती. एवढे आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. मला बोलायचे आहे ते तिच्या कानांबद्दल.

१८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देताना रमाबाईंनी बजावून सांगितले होते, की या देशात स्त्री डॉक्टर हव्यात. बायका लाजेपायी पुरुष वैद्याला दुखणे दाखवत नाहीत आणि जिवाला मुकतात. नुसते सांगून त्या थांबल्या नाहीत. पुढच्याच वर्षी आपल्या लहानग्या मुलीला, मनोरमेला घेऊन इंग्लंडला निघाल्या, त्या स्वतः वैद्यक शिकायचे म्हणून. वाँटेज इथल्या भगिनी मठात उतरल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

भाविक चरित्रकाराला इथे चमत्कार हवा असतो. घडले उलटे. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकाचा नाद सोडावा लागला. वर्गात प्राध्यापक पुटपुटणार, रोग्याच्या छातीला नळी लावून ठोका टिपायचा, हे सगळे कानांचे काम. मग त्या चेल्टनमच्या मुलींच्या कॉलेजात गेल्या. तिथे संस्कृत शिकवू लागल्या आणि स्वतः इंग्रजी, गणित, शास्त्र शिकू लागल्या. आणि १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात नात्यातल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, तेव्हा तो समारंभ पाहायला त्या इंग्लंडहून मुद्दाम गेल्या. जे दार आपल्याला बंद झाले त्यातून दुसरीला आत जाताना पाहायला समुद्र ओलांडणे, याला मोठे मन लागते. आनंदीबाई पुढे वर्षही जगल्या नाहीत. रमाबाई मात्र अमेरिकाभर हिंडून, व्याख्याने देऊन, पुस्तक लिहून विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा करत राहिल्या. ती शाळा, शारदा सदन, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झाली.

बाप्तिस्मा झाला म्हणून बाई निमूट झाल्या असे मात्र समजू नका. त्यांची मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी झालेली पत्रापत्री छापलेली आहे, ती जरूर वाचा. त्रैक्य कसे मानू, चमत्कार का मानू, चर्चच्या अधिकाऱ्यांचे का ऐकू, अशी वादावादी सुरूच आहे. मांसाहार तर त्यांनी कधीच पत्करला नाही. मठातल्या भगिनींना हा अहंकार वाटला. मला विचाराल तर ते शास्त्र्याच्या घरचे वळण होते: पटल्याशिवाय मान डोलवायची नाही.

तरीही श्रद्धेच्या वाटेतला अडसर या वळणातच होता, आणि हे आपले म्हणणे नाही, त्यांचेच आहे. पुढे १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी लिहून ठेवले, की मी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, ख्रिस्त मात्र सापडलेला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, हॅसलम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचून त्यांना हे जाणवले. बुद्धीने जिंकलेल्या बाईला बुद्धी पुरत नाही हे कबूल करावे लागले. कान जाण्यापेक्षा हे अवघड असावे.

नंतरचा पसारा केवढा! १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली-बायका त्यांनी आणल्या. केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. हे केडगाव नगरचे नव्हे बरं का, दौंडजवळचे. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छापखाना, अंधांसाठी शिक्षण. आणि कान दिवसेंदिवस अधिकच जड. श्रद्धेने ते बरे केले नाहीत. उणीव आधी दूर होऊ दे, मग काम करीन, ही अट तेवढी त्यांच्या ठिकाणी दिसत नाही.

शेवटची पंधराएक वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला वाहिली. उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला. भागवताचे अठरा हजार श्लोक लहानपणी पाठ केलेली बाई आता खेड्यातल्या बाईला कळेल असे मराठी शोधत होती. ते सगळीकडे साधले असे मी म्हणणार नाही. काही ठिकाणी वाक्य मुळाला इतके चिकटते की मराठी कान बिचकतो. पण छपाई बघा. देवनागरीचे खिळे जुळवायचे म्हणजे खणातला खिळा अचूक उचलायचा, अक्षर उलटे वाचायचे, मात्रा-वेलांटी नि जोडाक्षर आपापल्या जागी बसवायचे. हे काम मुक्तीतल्या बायका-मुलींनी केले, आणि त्यांतल्या कितीतरी जणींची अक्षराशी ओळखच तिथे झालेली. मुद्रिते तपासायला रमाबाई. त्या कामाला कान लागत नाहीत.

मुद्रिते पुरी व्हावीत म्हणून त्यांनी देवाकडे दहा दिवस मागितले आणि ते मिळाले, अशी कथा सांगतात. मला ती जरा गुळगुळीत वाटते. मी १९२१ चा जुलै पाहतो. सगळा कारभार जिच्यावर सोपवायचा ती एकुलती एक मनोरमा त्या महिन्यात वारली. त्यानंतर आठ-नऊ महिने ही थकलेली, जवळजवळ बहिरी बाई मुद्रिते तपासतच राहिली. ५ एप्रिल १९२२ ला ती गेली, आणि संपूर्ण बायबल मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले ते १९२४ मध्ये.