गुडघेदुखी आणि बी-१२ : सुईच्या आधी तपासणी

(रौप्यमहोत्सवी वर्षात ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण कारंजात हे घर थाटलं, तेव्हा बहुतेक जण चाळिशीत होतो. आता बाकावर बसलं की पहिला विषय गुडघ्यांचा, आणि उपायही ठरलेला : "बी-१२ ची सुई घेऊन टाका." माझी नोकरी रक्त तपासण्यात गेली, म्हणून चार शब्द सांगतो.

आपल्याकडे बी-१२ कमी असतं, हे खरंच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले. २००६ साली निष्कर्ष छापून आले : ६७ टक्के लोकांत बी-१२ कमी, ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन जास्त. बी-१२ मिळतं दूध-दही, अंडी, मांस-मासळीतून, भाजी-भाकरीतून नाही.

होमोसिस्टीन शरीरातच तयार होतं. बी-१२, फॉलिक ॲसिड आणि बी-६ त्याचा निचरा करतात. ती कमी पडली की ते रक्तात साचतं. ते हाडांना बाधतं का? नेदरलँडमध्ये होमोसिस्टीन वाढलेल्या सुमारे २,९०० ज्येष्ठांपैकी निम्म्यांना दोन वर्षं बी-१२ आणि फॉलिक ॲसिड दिलं. एकूणात हाडं मोडण्याचं प्रमाण काही कमी झालं नाही. झिजलेला गुडघा सुईने भरून येतो, याला तर पुरावाच नाही.

मग बी-१२ सोडून द्यायचं का? मुळीच नाही! पायाला मुंग्या, तळव्यांची आग, चालताना तोल जाणं ही दुखणी सांध्यांची नव्हेत, नसांची असू शकतात. उशीर झाला तर नसांचं नुकसान कायमचं राहू शकतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा वर्षानुवर्षे ॲसिडिटीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारून तपासणी करावीच.

मात्र आधी तपासणी, मग सुई. सुईनंतर आकडा वर दिसतो आणि मूळची कमतरता कळत नाही. नुसतं फॉलिक ॲसिडही मनाने घेऊ नका. रक्त सुधारल्यासारखं दिसतं, नसांचं नुकसान मात्र चालूच राहतं. आमवातासाठी डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेटसोबत फॉलिक ॲसिड दिलं असेल, तर ते बंदही करू नका. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नव्हे.

सांधा सुजला, लाल झाला, सकाळी तासभर आखडून राहिला, तर डॉक्टरांना दाखवा. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आपल्याच जिल्ह्यात आहे. बाकावरचा सल्ला प्रेमाने ऐका, औषध मात्र तपासूनच घ्या.