बातमी आणि चेक

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात ज्येष्ठ सभासदांच्या सत्रात केलेले भाषण)



सेक्रेटरीसाहेबांनी मला सांगितलं, "काका, दहा मिनिटं बोला, पण व्याजदरावर नको." म्हणून मी आज गमतीदार बातम्यांवर बोलणार आहे. पेपर उघडला की मी आधी कोपऱ्यातली छोटी चौकट वाचतो. कुठे माकडाने पैशाची पिशवी पळवली, कुठे नवरदेवाची वरात चुकीच्या मांडवात गेली. ही सवय माझी नोकरीपासूनची. पण या बातम्यांपेक्षा मला जास्त मजा वाटते ती त्या ऐकून आपण काय करतो त्याची. त्यात मीही आलोच.

पन्नाशीच्या पुढच्या सर्वांना २१ सप्टेंबर १९९५ हा दिवस आठवत असेल. गुरुवार होता. गणपती दूध पितो! दिल्लीत पहाटे सुरू झालेली ही बातमी फोनवरून दुपारपर्यंत देशभर आणि पार लंडनच्या देवळांपर्यंत पोचली. तेव्हा मोबाईल कोणाकडे नव्हता. मी पुण्यातल्या एका शाखेत होतो. अकराच्या सुमारास काउंटरसमोरची रांग विरळ झाली. मग आमचा शिपाई दिसेना. थोड्या वेळाने हेड कॅशियरने अर्धा तास सुट्टी मागितली. कारण विचारलं तर म्हणाला, "साहेब, दूध संपायच्या आत जाऊन येतो."

संध्याकाळी आईला घेऊन मीही गेलो. दीड तास रांगेत उभे राहिलो. आईने चमचा सोंडेला लावला आणि दूध खरंच कमी झालं. मी सायन्सचा पदवीधर. वाकून पाहिलं, तर मूर्तीच्या पोटावरून दुधाची बारीक धार खाली ओघळत होती. पुढे शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून हेच दाखवलं. पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढलं जातं आणि पातळ थराने दगडावरून उतरतं, पांढऱ्यावर पांढरं म्हणून दिसत नाही. आईने विचारलं, "प्याला ना रे?" मी म्हटलं, "हो, प्याला." तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून दुसरं काही बोलवलं नाही. त्या दिवशी फक्त दूध वाया गेलं, कोणाला इजा झाली नाही. त्यामुळे आजही आपण ती गोष्ट हसत सांगतो.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातली. दहा रुपयांचं नाणं बंद झालं, अमुक रेघा असलेलं खोटं, रुपयाचं चिन्ह नसलेलं खोटं, अशी आवई उठली होती. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं की दहाच्या नाण्याचे चौदाही प्रकार चालतात. ते कात्रण खिशात घेऊन मी भाजीवालीकडे गेलो आणि तिला पाच मिनिटं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, तुमचं खरं हाय. पण पुढचा घेत नाय ना." सौ. म्हणाली, "तुम्ही रिटायर झालात. नोट द्या आणि चला."

'पुढचा घेत नाय' हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. म्हणजे तिचा त्या अफवेवर विश्वास नव्हताच. दुसऱ्याचा आहे, एवढं तिला पुरेसं होतं. अफवेला विश्वास ठेवणारे फार लागत नाहीत, ती पुढे ढकलणारे लागतात.

आता त्याच वर्षीचा जून महिना. आसाममध्ये तिनसुकियाला एका बंद पडलेल्या एटीएममध्ये उंदीर शिरले आणि त्यांनी बारा लाखांहून जास्त रुपयांच्या नोटा कुरतडल्या, अशी बातमी आली. आपल्या कट्ट्यावर मी छातीठोकपणे सांगितलं, "चाळीस वर्षं कॅश हाताळली आहे. हे उंदीर दोन पायांचे असणार." सगळे हसले. पण बातमी खरी होती! मशीन उघडल्यावर आत नोटांचा भुगा आणि मेलेला उंदीर सापडला होता. म्हणजे ज्या विषयातलं मला कळतं, त्या विषयातली खरी बातमी मी खोटी ठरवली.

आणि त्याच महिन्यात ज्या विषयातलं मला काहीच कळत नाही, त्यातली खोटी बातमी मी खरी मानली.

पोरं पळवणाऱ्या टोळीचा तो व्हिडिओ तुम्ही सर्वांनी पाहिला होता. दोघे मोटरसायकलवरून येतात आणि रस्त्यात खेळणारं मूल उचलून नेतात. मला तो सकाळी सहाला आला. नात तेव्हा पाच वर्षांची होती. माझ्या पोटात गोळा आला आणि मी तो आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. वर चार शब्द लिहिले, 'आपल्या भागातही ही टोळी फिरत असल्याचे समजते. सावध राहावे.'

मित्रहो, ते वाक्य व्हिडिओबरोबर आलेलं नव्हतं. ते मी लिहिलं होतं. 'समजते' म्हणजे कोणाला समजलं? कोणालाच नाही. नुसता व्हिडिओ कोरडा वाटला, म्हणून मी भर घातली. हे मी आज पहिल्यांदा सांगतो आहे.

तिसऱ्या दिवशी आपला धारवाला आला. सायकलवर सहाण लावून, सुऱ्या-विळ्यांना धार लावून देणारा. त्याने खेळणाऱ्या मुलांपैकी एकाला पाणी मागितलं. पुढचं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं आहे. गेट बंद झालं, पंचवीस-तीस माणसं जमली, सायकल आडवी पडली. सुरा जवळ का बाळगतोस, असं त्याला विचारत होते. धार लावणारा दुसरं काय बाळगणार! कोणीतरी मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला होता. त्यावर माझं वाक्य होतं. मी फिरून परत येत होतो आणि गेटच्या बाहेरून हे बघत उभा होतो. बँकेत संप हाताळलेला माणूस मी, पण माझ्या तोंडातून शब्द फुटेना.

बी विंगमधल्या काकू खाली धावत आल्या म्हणून निभावलं. "अरे, हा आठ वर्षं माझ्या विळीला धार लावतोय, सोडा त्याला!" असं त्या ओरडल्या. त्याला सोडलं, पाणी दिलं. त्याने पाणी घेतलं नाही. सायकल उचलली आणि गेला. तो पुन्हा आपल्या गल्लीत आलेला नाही. नंतर मला कोणी एका शब्दाने बोललं नाही, तेच मला जास्त लागलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, १ जुलैला, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजारात पाच माणसांना पोरं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. सोलापूरकडचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक. सकाळी पेपर वाचताना माझा हात थरथरला. तिथे ओरडायला काकू नव्हत्या, एवढाच काय तो फरक.

तो व्हिडिओ खरा कुठला, तेही पुढे छापून आलं. कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी तो मुद्दाम चित्रित केला होता. शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तेवढा शेवट कोणीतरी कापला होता. त्याच जुलैत व्हॉट्सॲपने आपल्या देशात एका वेळी पाच ठिकाणीच मेसेज पुढे पाठवता येईल असं बंधन घातलं. पण मला पाच कशाला, एकच ठिकाण पुरलं होतं.

म्हणून आता माझी एक सवय आहे, ती सांगतो आणि थांबतो. बँकेत चेक समोर आला की आम्ही तारीख बघायचो, रक्कम बघायचो आणि सही पडताळायचो. खाडाखोड दिसली की परत. समोरचा ओळखीचा असला तरी. बातमी आली की मी तेच करतो. कधीची? कुठली? सही कोणाची, म्हणजे पाहिलं कोणी? आणि मधेच कोणी भर घातली आहे का? एवढं जुळलं तरच पास. नाही तर हसायची असेल तर हसतो आणि माझ्यापाशीच ठेवतो. उंदरांची बातमी मी आता खुशाल सांगतो, ती तपासलेली आहे!

मुलांनो, आजोबांनी पाठवलं म्हणजे ते खरंच असतं असं नाही. मलाही विचारा, "आजोबा, सही कोणाची?"

आणि कमिटीला एक विनंती. गेटवर दोन वर्षांपासून फेरीवाल्यांना बंदीची पाटी आहे. रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने ती काढावी. माझ्या घरातल्या सुऱ्या बोथट झाल्या आहेत. तो धारवाला कुठे दिसला तर त्याला माझा फ्लॅट दाखवा. मला त्याच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत.