आधी कान, मग पाटी

रात्रभर एसटीचा प्रवास करून आलेल्या अंगणवाडीताई, बालवाडीताई व मदतनीस भगिनींनो,

परिषदेच्या अध्यक्षाने आधी विषयाची व्याप्ती सांगावी, असा रिवाज आहे. तो मोडून मी थेट एका टोपलीकडे येते. मध्यंतरी एका अंगणवाडीत पाहिलेली ही टोपली. ताईंनी तिच्यात खेळण्यातल्या गाडीचे चाक, चाळणी, चिमटा, मातीची चिमणी आणि मुद्दाम घुसवलेला एक पेला ठेवला होता. वेगळ्या आवाजाने सुरू होणारी वस्तू बाहेर काढायची, एवढाच खेळ. चार-साडेचार वर्षांच्या एका मुलाने पेला काढला. टाळ्या पडल्या. पण गडी थांबेना. त्याने चिमटा आणि चिमणीही उचलून बाजूला मांडली. शेजारची मुलगी ओरडली, “ताई, याचं चुकलं!” ताईंनी फक्त विचारले, “का रे बाळा?” त्याने दोनदा ‘चाक’ म्हटले, दोनदा ‘चिमणी’ म्हटले आणि आमच्याकडे असे पाहिले, की आता यात सांगायचे काय राहिले!

मुलाचे बरोबर होते. चाकातला ‘च’ दातांमागे उमटतो, चिमणीतला टाळूला लागून. लिपीने दोघांना एकच अक्षर दिले आहे. चांदोबा आणि चंद्र, झाड आणि झेंडा म्हणून पाहा. आपल्याला हा फरक सहसा जाणवत नाही, कारण लिहिता-वाचता आल्यापासून आपण शब्द ऐकण्याऐवजी मनात पाहायला लागलो आहोत. मूल अजून ऐकते आहे. आपण मात्र त्याला पहिल्याच दिवशी भिंतीवरच्या तक्त्यापुढे उभे करतो. अननस कधी हातात न धरलेले मूल ‘अ अननसाचा’ घोकते आणि आपण वहीत नोंद करतो, अक्षरओळख झाली.

माझे म्हणणे इतकेच आहे, की मराठीत आवाजाचा खेळ आधी आला पाहिजे, अक्षर त्याच्या मागून. आणि हा खेळ मराठीच्या घडणीतून निघाला पाहिजे. हल्ली शहरांत गल्लोगल्ली फोनिक्सचे, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचायला शिकवण्याचे, वर्ग निघालेत. इंग्रजीला त्यांची गरज आहे. तिथे अक्षराचे नाव एक, आवाज दुसरा, आणि सव्वीस अक्षरांना चाळिसाहून अधिक आवाज पेलावे लागतात. म्हणून तिथे शब्दाचे अगदी बारीक तुकडे पाडून ते पुन्हा जोडायला शिकवतात. आता तीच पद्धत काही ठिकाणी मराठीलाही लावतात. ‘क्’ वेगळा काढायचा, ‘आ’ वेगळा काढायचा आणि मुलाला सांगायचे, जोड. ज्याला ‘का’ आयताच ऐकू येतो, त्याला आधी तो फोडायला लावायचा हा उपद्व्याप कशासाठी?

मराठी मुलाच्या कानाला शब्द कुठे तुटतो, याचा पुरावा मुलांनीच दिला आहे. आपण सगळ्या लहानपणी ‘च’ची भाषा बोललो आहोत. गावागणिक तिचे नियम थोडेफार बदलतात, पण साधारण असे, की पहिले अक्षर उचलून शेवटी टाकायचे आणि पुढे ‘च’ लावायचा. कमळचे ‘चमळक’, पाणीचे ‘चणीपा’. यात ‘पा’ आपल्या कान्यासकट उठून जातो. ‘प’ इकडे आणि ‘आ’ तिकडे, असे कुठले पोर करत नाही. गाण्यांच्या भेंड्यांतही आपण शेवटचे अक्षरच पकडतो. मोठमोठ्या पुस्तकांत ज्याला ध्वनींची जाण म्हणतात, ती आपल्या अंगणात कोणी न शिकवता चालली होती. ती दारातून आत घ्यायची आहे, एवढेच.

हजेरीपासूनच सुरुवात करता येते. ज्याच्या नावात ‘म’ आहे त्याने उठायचे. मीना लगेच उठते, तिचा ‘म’ पहिलाच. सलीम थोड्या वेळाने. सुरुवातीला कमल बसूनच राहते, कारण शब्दाच्या मधला आवाज सर्वांत उशिरा सापडतो. तिला कोणी ढोसायचे नाही. काही दिवसांनी ती आपणहून उठेल.

पण काना, मात्रा, वेलांटी आली, की अक्षराच्या पोटातला स्वरही ऐकू यावा लागतो. इथे बाराखडीची चाल फारशी कामाची नाही. ‘क का कि की’ सुरात म्हणणाऱ्या मुलाला मधलाच ‘कू’ विचारा. ते पहिल्यापासून गात गात तिथवर येते. त्यापेक्षा ‘आज फक्त ई’ हा खेळ घ्या. सगळ्यांनी प्रत्येक शब्द ईकारातच बोलायचा. “पाणी दे”चे होते “पीणी दी”. मुले हसून लोळतात आणि हसता हसता स्वर वेगळा काढायला शिकतात. दुसऱ्या दिवशी ‘ऊ’. हे पक्के झाल्यावरच वेलांटी दाखवा. ऱ्हस्व वेलांटीची तर गंमतच आहे. बोलताना ती व्यंजनानंतर आणि लिहिताना आधी. कान तयार नसेल, तर मूल डोळ्यांवर भिस्त ठेवते आणि फसते.

आता जरा नाजूक गोष्ट. वऱ्हाडात आणि खानदेशात कित्येक घरांत ‘काळा’ला ‘काया’ म्हणतात, ‘डोळा’ला ‘डोया’. अनेक घरांत ‘पाणी’चे ‘पानी’ असते. त्या मुलाच्या घरी ‘ळ’ किंवा ‘ण’ ऐकूच येत नाही. हा त्याच्या उच्चारातला दोष नव्हे, ती त्याच्या आईची बोली आहे. तिथे ‘ळ’ हा नवा पाहुणा म्हणून खेळातून आणावा. ‘काया’ म्हणाल्यावर वर्ग हसला, तर ते मूल पुढे तोंडच उघडणार नाही. आणि ‘श’ व ‘ष’चा फरक कानाने ओळखायला लावणाऱ्या ताईंनी आधी स्वतः तो करून दाखवावा!

या खेळांना महागडे साहित्यही लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले. मॉन्टेसोरींच्या पद्धतीत मूल खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरवता फिरवता त्याचा आवाज म्हणते. ती महागडी साधने आदिवासी पाड्यात कुठून येणार? या दोघींनी शिंपले, बिया, खडे आणि पाने हाताशी घेतली. आपल्याकडेही साहित्याची पेटी कपाटात कुलूपबंद असते, कारण ती हरवली तर जाब आपल्याला द्यावा लागतो. चिंचोके हरवले तर कोणी विचारत नाही.

2021 मध्ये निपुण भारत अभियान आले. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे त्याचे उद्दिष्ट रास्तच आहे. मात्र वरचे उद्दिष्ट खाली झिरपताना त्याची वही होते. तिसरीचा धाक पहिलीला, पहिलीचा बालवाडीला, आणि शेवटी तीन वर्षांच्या मुठीत पेन्सिल. पालकही विचारतात, “आज काय लिहिलं?” त्यांना भाषण देऊ नका. एकदा बोलावून टोपलीचा खेळ त्यांनाच खेळायला लावा.

दुपारच्या सत्रात प्रत्येकीने आपल्या भागातला एकेक आवाजाचा खेळ करून दाखवायचा आहे, त्याच बोलीत, शुद्ध करून नव्हे. परिषदेच्या कार्यवाहांनी लिहून घ्यायला दोघींना बसवले आहे. वऱ्हाड-खानदेशच्या ताईंनी पहिल्या रांगेत यावे. ‘ळ’ कसा आणता, ते आधी तुमच्याकडून ऐकायचे आहे. जेवण दीड वाजता आहे.