न पाहिलेल्याचा आकडा

कॉलेजात जाणाऱ्या मुलाला रविवारी पहाटे पाचला उठवणं किती कठीण असतं, हे घरोघरच्या आईवडिलांना सांगायला नको. पण दर वर्षी जानेवारीत एक दिवस असा येतो, की ही मुलं आपण होऊन उठतात, गळ्यात दुर्बीण अडकवतात आणि ठाण्याच्या खाडीवर हजर होतात. निमित्त असतं आशियाई पाणपक्षी गणनेचं. १९८७ साली सुरू झालेली ही गणना आशियातल्या अनेक देशांत जानेवारीत होते आणि ती मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर चालते. मी प्राणिशास्त्राचा शिक्षक. काही वर्षं मुलांना घेऊन या गणनेला जात असे. त्यातल्या एका सकाळची गोष्ट आज सांगणार आहे.

ऐरोली आणि वाशी या दोन पुलांच्या दरम्यान, खाडीच्या पश्चिम अंगाला, सुमारे १,६९० हेक्टरांचं फ्लेमिंगो अभयारण्य आहे. २०१५ साली ते जाहीर झालं. निम्म्याहून थोडी अधिक जागा तिवरांची, बाकीची पाण्याची. डोक्यावरून विजेच्या तारा गेलेल्या, काठापलीकडे कारखाने आणि वसाहती. अशा ठिकाणी हजारो रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, हिवाळ्यात उतरतात. चिखलातल्या आणि पाण्यातल्या शेवाळावर, बारीक जीवांवर ते जगतात. त्यांचा गुलाबी रंगही या अन्नातूनच येतो. सोबत शेकाटे, तुतारी, पाणटिवळे असे कितीतरी पाहुणे असतात.

पक्षी मोजायचे कसे, हे मुलांना आधी शिकवावं लागतं. पहिल्या वर्षी एका मुलानं वहीत ‘खूप’ असं लिहिलं होतं. मी म्हटलं, “बाळा, खूप हा आकडा नव्हे.” मोठा थवा एकेक करून मोजता येत नाही. आधी दहा पक्षी मोजायचे, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत साठवायचं. त्यावरून शंभरांचा घास ठरवायचा आणि असे किती घास थव्यात बसतात ते पाहायचं. दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि मगच आकडे ताडून पाहायचे. थवा उडाला तर कुठल्या दिशेला गेला ते टिपायचं, नाहीतर तेच पक्षी पुढच्या वळणावर पुन्हा मोजले जातात.

त्या दिवशी आम्ही होडीतून निघालो होतो. सगळं छान चाललं होतं, पण एका मोठ्या थव्यापाशी आमचा वेळ गेला. शेवटचा टप्पा उरला असताना होडीवाले काका म्हणाले, “सर, आता फिरायला हवं. ओहोटी लागलीय. होडी चिखलात बसली तर पुढच्या भरतीपर्यंत निघायची नाही.” खाडीवर त्यांचं ऐकावंच लागतं. आम्ही परतलो.

धक्क्यावर बसून तक्ता भरायला घेतला. शेवटच्या टप्प्याचा रकाना रिकामा राहिला होता. दमलो होतो, उन्हं चढली होती. मी सहज म्हणालो, “गेल्या वर्षीचा आकडा आहे ना? थोडाफार कमी करून टाका. तिथं दर वर्षी पक्षी असतातच.”

दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी तक्ता लिहीत होती. तिनं पेन थांबवलं. “सर, तिथं आपण गेलोच नाही. मग तो आकडा आपला कसा?”

एक मुलगा म्हणाला, “मग शून्य लिही.”

“शून्यही कसं लिहू? शून्य म्हणजे पाहिलं आणि पक्षी नव्हते. आपण पाहिलंच नाही.”

श्रोतेहो, पंचवीस वर्षं मी वर्गात हेच शिकवत आलो होतो आणि त्या धक्क्यावर ते मलाच शिकावं लागलं. तिनं रकान्यात लिहिलं : पाहणी झाली नाही.

हा काटेकोरपणा कशासाठी, असं कुणी विचारील. ठाणे खाडीला २०२२ साली ‘रामसर’ स्थळाचा दर्जा मिळाला, म्हणजे ती आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरली. अशा दर्जाच्या कसोट्यांपैकी दोन थेट मोजणीवर आधारलेल्या आहेत. एक, त्या जागी नियमितपणे वीस हजार किंवा अधिक पाणपक्षी असावेत. दुसरी, एखाद्या जातीच्या एकूण पक्ष्यांपैकी किमान एक टक्का तिथं नियमित यावेत. हे ठरतं ते वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून, आणि त्या नोंदींत अशा मुलांच्या वह्यांचाही वाटा असतो. उद्या पक्षी खरोखरच घटले, तर ते कळणार कसं? रिकाम्या रकान्यात आपण दर वर्षी गेल्या वर्षीचा आकडा भरत राहिलो, तर खाडी ओस पडली तरी कागदावर थवे उतरतच राहतील.

पुढच्या वर्षी आम्ही भरतीच्या वेळा आधी नीट पाहिल्या आणि त्या राहिलेल्या टोकापासूनच सुरुवात केली. मुलांनी दुर्बिणीतून सगळा काठ दोनदा पिंजून काढला. शेकाटे तेरा होते. रोहित एकही नव्हता. त्याच मुलीनं रोहितच्या नावापुढे शून्य लिहिलं. ते शून्य मात्र आमचं होतं.