निवृत्तिवेतन आणि आपण गृहिणी



पेन्शन हा पुरुषांचा विषय, असे आपण धरून चालतो. पण यजमानांच्या पेन्शनीवर अखेरची वर्षे बहुधा आपल्यालाच काढावी लागतात. म्हणून हा विषय मी मुद्दाम मागून घेतला.

दरसाल मार्च जवळ आला की घरोघरी धावपळ व्हायची. विम्याचा हप्ता भरा, पोस्टात पैसे टाका, पावत्या कचेरीत द्या! फंड, पी.पी.एफ., विमा मिळून दीड लाखापर्यंतच्या बचतीवर करात सवलत मिळे. कर वाचावा म्हणून का होईना, म्हातारपणाची शिदोरी बांधली जाई. 2020 साली करआकारणीची दुसरी पद्धत आली. तीत दर कमी, पण या बचतीची सवलत नाही. 2023 पासून, आपण वेगळे कळवले नाही तर हीच पद्धत धरतात. 2025 च्या अंदाजपत्रकानंतर तीत पगार-पेन्शनीच्या 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर उरला नाही. हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर मार्चमधला तो धाकही गेला, आणि हातात राहिलेला पैसा मोटारीच्या हप्त्यात नि लग्नातल्या मानपानात जायला कितीसा वेळ लागतो?

तेव्हा पी.पी.एफ. मोडू नका, जमल्यास स्वतःच्या नावे खाते उघडा. वर्षाला 500 रुपये भरले तरी ते चालू राहते. मुदत 15 वर्षांची, आणि व्याजाला नव्या पद्धतीतही कर नाही.

आता बोलायला जड जाते ते. निवृत्त माणसाला नव्या पद्धतीत पेन्शनीतून 75,000 रुपयांची वजावट मिळते. त्याच्यामागे बायकोला मिळते त्या पेन्शनीला कायदा पगार मानीत नाही. म्हणून तिला वजावट एकतृतीयांश किंवा 25,000, यांतली कमी असेल ती. 2024 पूर्वी तर 15,000 च होती. बहुतेकींना कर लागणारच नाही, हे खरे. पण कारखान्यातला कामगार निवृत्तीनंतर गेला, तर कर्मचारी पेन्शन योजनेत विधवेला साधारण निम्मी पेन्शन मिळते. भाडे आणि औषधे निम्मी होतात काय?

घरी गेल्यावर एवढे विचारा : फंडाला वारस म्हणून नाव कोणाचे? लग्नाआधी सासूबाईंचे लावलेले असेल, तर प्रॉव्हिडंट फंडात ते लग्नानंतर रद्द धरतात; नवे लावावे लागते. कुणाला अर्ज भरायला सोबत हवी असेल तर बुधवारी दुपारी कागद घेऊन मंडळात या. मी असेन.