झोत दिसतो का हो?

मी खांदेश्वरला राहतो. लोकलने मानसरोवर मागे पडलं की पुढचं स्टेशन खारघर. तिथे टाटा मेमोरियलच्या 'अ‍ॅक्ट्रेक' केंद्रात २०२३ पासून कर्करुग्णांवर प्रोटॉनच्या झोताने उपचार होतात. शेजारच्या आजींच्या नात्यातला एक मुलगा तिथे जाणार आहे. त्यांनी मला विचारलं, "तो झोत दिसतो का रे? नेमका गाठीवरच पडतो हे कशावरून?"

प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. प्रोटॉन निर्वात नळीतून धावतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत. झोताची रुंदी पाहायला त्यात बारीक तार फिरवणं हा जुना उपाय. पण तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्रातला 'लेहिपा' त्वरक घ्या. तो २० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट आणि १० मिलिअँपिअरसाठी आखलेला आहे. असा झोत अखंड चालला तर शक्ती होते २०० किलोवॅट, म्हणजे दोन किलोवॅटचे शंभर गीझर, आणि तेही काही मिलिमीटरच्या जागेत. तार टिकेल कशी?

अशा ठिकाणी वायू कामाला येतो. नळी कितीही उपसली तरी थोडा वायू उरतोच. लागल्यास किंचित नायट्रोजन सोडतात. प्रोटॉन आदळला की रेणूतला इलेक्ट्रॉन उडतो आणि उरलेला आयन जांभळट प्रकाश टाकतो. ध्रुवीय प्रकाशातला जांभळा रंगही याचाच. प्रोटॉन जिथे दाट, तिथे उजेड जास्त. बाजूच्या काचेतून कॅमेऱ्याने टिपलं की झोताला न शिवता त्याचा आकार मिळतो. घरात कवडसा धुळीमुळे दिसतो ना, तसंच काहीसं; फक्त इथे धूळच पेटते म्हणा!

उजेड मात्र फार क्षीण, त्यामुळे प्रकाशवर्धक लावावा लागतो. वायू वाढवावा, तर झोतच विखुरतो. आणखी एक खोच आहे. आयन उजळायला सुमारे ६० नॅनोसेकंद घेतो. तेवढ्यात दाट झोताचं विद्युतक्षेत्र त्याला ढकलतं आणि चित्र फुगतं. म्हणून जिनिव्हाजवळच्या 'सर्न'मध्ये निऑनचा पातळ पडदा वापरून पाहिला आहे. उदासीन निऑन अणू ढकलला जात नाही.

रुग्णाकडे येणारा झोत मात्र नॅनोअँपिअरचा, उजेडावर मोजायला फारच अशक्त. तिथे आयनीकरण कक्षात वायूतले विद्युतभार मोजतात. झोत ठरल्या जागेवरून सरकला की यंत्रणा तो तोडते.

आजींना एवढंच सांगितलं, "दिसत नाही, पण त्याच्यावर सतत नजर असते."

"मग ठीक," म्हणाल्या, आणि खारघरला स्टेशनवरून रिक्षा मिळते का, ते विचारू लागल्या.