रुपयावरचे नाव
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सव म्हटला की वक्त्याने सोन्याविषयी बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. आम्ही मात्र आज चांदीविषयी, आणि चांदी निघून गेल्यावर मागे उरलेल्या कागदाविषयी बोलणार आहोत. रुपया हा विषय दिल्लीकर मराठी श्रोत्यांपुढे मांडण्याचे कारण असे की, त्याच्या चरित्रातला बराच भाग याच नगरीत घडला आणि त्यात आपल्या माणसांचा हात मोठा होता. एकदा तर तो हात थेट छतापर्यंत पोहोचला होता!

रूप्य हा शब्द संस्कृतातला, फार जुना. परंतु सुमारे १७८ ग्रेन वजनाचे चांदीचे नाणे 'रुपया' या नावाने रूढ केले ते शेरशहा सूराने, १५४० ते १५४५ या आपल्या अल्प राजवटीत. मोगलांनी तेच पुढे चालवले. त्या काळी नाण्यावर ज्याचे नाव, तो राजा, हा साधा नियम होता. म्हणूनच १६७४ साली राज्याभिषेक होताच शिवछत्रपतींनी होन आणि शिवराई पाडली, ती स्वतःच्या नावाने आणि देवनागरी अक्षरांत. पुढे पेशवाईत मराठ्यांचे घोडे यमुनेचे पाणी प्याले, तरी मराठी टांकसाळींतून निघणाऱ्या रुपयांवर फारसी अक्षरांत नाव मात्र दिल्लीच्या बादशहाचेच राहिले. सत्ता आपली आणि शिक्का दुसऱ्याचा, या व्यवहारात मुत्सद्देगिरी किती आणि संकोच किती, याचा निवाडा इतिहासकारांनी करावा.

१७६० च्या पावसाळ्यात सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. फौज मोठी, खजिना रिकामा आणि दक्षिणेतून पैसा येण्याची आशा थोडी. तेव्हा लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून त्याचे रुपये पाडण्यात आले. नऊ लाखांच्या आसपास रुपये निघाले असे सांगतात, आणि तेवढ्याने फौजेचा महिनाभराचा खर्चही कष्टानेच भागला. भाऊंना या कृत्याबद्दल दोष देणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. आम्हांला त्यात उद्दामपणापेक्षा अगतिकता अधिक दिसते. शिपाई उपाशी असता छताची नक्षी कोण पाहणार? त्याच लाल किल्ल्याचे चित्र २०१६ पासून आपल्या पाचशेच्या नोटेच्या पाठीवर आहे, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

बादशहाच्या नावाचा आडोसा इंग्रजांनीही घेतला. कंपनीच्या बंगालमधील रुपयांवर वर्षानुवर्षे शाह आलमचे नाव होते. १८३५ साली मात्र सर्व मुलखासाठी १८० ग्रेनचा एकच रुपया ठरला आणि त्यावर चौथ्या विल्यमचा मुखवटा आला. त्या वेळी दुसरा अकबर लाल किल्ल्यात नांदत होता! त्याचे राज्य बुडाल्याची दवंडी कोणी पिटली नाही. ती बातमी बाजारात नाण्यानेच दिली.

पुढचा अन्याय अधिक सूक्ष्म होता. जगात चांदी स्वस्त होत गेली, तसा रुपया घसरला, आणि विलायतेला पाठवावयाच्या रकमा सोन्याच्या हिशेबात असल्याने सरकारची ओढाताण झाली. १८९३ मध्ये सरकारने चांदी घेऊन येणाऱ्याला रुपये पाडून देणे बंद केले. रुपया आता चांदीच्या मोलाचा राहिला नाही. सरकार ठरवील त्या मोलाचा झाला. या व्यवस्थेची सर्वांत कठोर चिकित्सा एका मराठी विद्वानाने केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील इंग्रजी प्रबंध १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. विलायती हुंडणावळ स्थिर राहिली म्हणजे चलन सुदृढ आहे असे मानणे त्यांना मान्य नव्हते. रुपयाने देशातल्या माणसाला किती धान्य, किती कापड मिळते, हे त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे. आणि चलन वाढवण्याची मोकळीक सरकारच्या मर्जीवर सोडणे हाच त्यांना मुख्य धोका वाटत होता. १९२७ साली रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स ठरवण्यात आला, तेव्हा देशभर वाद माजला. गांधीजींच्या १९३० च्या अकरा मागण्यांत दर एक शिलिंग चार पेन्सांवर आणावा, ही एक मागणी होती.

बाबासाहेबांनी दाखवलेला धोका दुसऱ्या महायुद्धात प्रत्यक्ष उतरला. ब्रिटन हिंदुस्थानात युद्धसामग्री घेई, तिचे पैसे लंडनमध्ये पौंडांत जमा दाखवी आणि त्या जमेच्या आधारावर येथे नोटा छापल्या जात. नोटांचे चलन जवळजवळ सहापट झाले. महागाईचा भार पडला तो हातावर पोट असलेल्यांवर. नेमक्या याच काळात, ऑगस्ट १९४३ मध्ये, रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्या वर्षांतील नोट कोणाच्या संग्रही असेल तर अवश्य पाहावी. एका बाजूला सहाव्या जॉर्जचे चित्र आणि त्याच कागदावर 'मी देण्याचे वचन देतो' या अर्थाच्या मजकुराखाली एका मराठी माणसाची सही! राजा दुसऱ्याचा, वचन आपले.

लंडनमध्ये साठलेली ही रक्कम युद्धाअखेर सुमारे १,७०० कोटी रुपयांच्या घरात गेली. १९४४ साली अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे जागतिक नाणेनिधीची घडण चालू असता, या येण्याचा प्रश्न निधीच्या कक्षेत यावा असा आग्रह हिंदी शिष्टमंडळाने धरला. देशमुख त्या शिष्टमंडळात होते. आग्रह मान्य झाला नाही. धनको परतंत्र आणि ऋणको राज्यकर्ता, अशी ती विचित्र स्थिती होती.

स्वातंत्र्यानंतर राजाचे चित्र जाऊन १९४९ च्या एक रुपयाच्या नोटेवर सारनाथचा सिंहस्तंभ आला. त्याच वर्षी १ जानेवारीला रिझर्व्ह बँक राष्ट्राच्या मालकीची झाली. देशमुख १९५० मध्ये केंद्रीय अर्थमंत्री झाले आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. मेघदूताचा मराठी अनुवाद करणाऱ्या या माणसाने दिल्लीतल्या सत्तेचे मोल किती धरले होते, हे महाराष्ट्राने त्या दिवशी पाहिले.

त्यांच्याच कारकिर्दीत, १९५५ साली, दशमान नाण्यांचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ पासून सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा बनला. चार आण्यांचे पंचवीस पैसे सरळ होते. पण एका आण्याचे सव्वासहा, ते देणार कसे? म्हणून एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा आणि तीन आण्यांचे एकोणीस, अशी कोष्टके निघाली. 'नवा' हे विशेषण १९६४ साली गळाले. पंचवीस पैशांचे नाणे ३० जून २०११ नंतर चलनातून गेले. तरी एखादे काम 'बारा आणे झाले' असे सांगणारे या सभागृहात निश्चित बसलेले असतील.

संसद मार्गावरील रिझर्व्ह बँकेच्या दारी रामकिंकर बैज यांनी घडवलेले यक्ष-यक्षी उभे आहेत. कुबेराचे सेवक, म्हणजे जागा योग्यच. त्या बँकेची कोणतीही नोट उलटून भाषांची ओळ वाचावी. मल्याळमच्या खाली आणि नेपाळीच्या वर आपली मराठी आहे. नाणेही पाहावे. सालाच्या खाली लहानसा ठिपका असेल, तर ते १९८८ पासून चालू असलेल्या, यमुनेपलीकडच्या नोएडाच्या टांकसाळीत पडले. पत्त्यांतल्या चौकटीसारखी खूण असेल, तर मुंबईहून आपल्यासारखेच प्रवास करीत दिल्लीला आले आहे.